कोपराला शेक नको, काम द्या

फेब्रुवारी सरला की अलिबागला माझ्याकडे कोपर धरून बायका यायला लागतात. खंडाळे, कार्ले, नेहुली पट्ट्यात पांढरा कांदा निघालेला असतो आणि माळा विणणाऱ्या बाईच्या मनगटाला दिवसभर उसंत नसते. पात मुठीत घट्ट धरायची, पीळ द्यायचा, ओढायची. गणपतीआधी पेण-हमरापूरचे मूर्ती घासणारे कारागीर येतात. आणि बारमाही येतात त्या नागाव-चौलच्या खाणावळवाल्या. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या सोलकढीसाठी नारळामागून नारळ खवायचे आणि चव पिळायचा, हे काम त्यांच्याच हातांनी होतं.

दुखणं सगळ्यांचं एकच, टेनिस एल्बो. मनगट उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथला कंडरा खराब होतो. मूठ आवळली की तोच ताणला जातो, म्हणून साधा चहाचा कप उचलतानाही कळ येते.

आल्या आल्या मागणी ठरलेली: "मॅडम, दहा दिवस शेक लावून द्या."

शेक, करंट, लाइट. फिजिओथेरपी म्हणजे मशीन, ही समजूत पसरवण्यात आमच्या धंद्याचाही हात आहे, हे मी स्पष्टच सांगते. मशीन लावलं की पेशंट निमूट पडून राहतो, रोज येतो, रोज पैसे देतो. व्यायाम शिकवायचा तर समोर बसून बोलावं लागतं, आणि तो नीट शिकवला तर पेशंट पुढचे दोन-तीन आठवडे फिरकतच नाही! तरीही माझं मत असं, की जुनाट टेनिस एल्बोत हळूहळू वजन वाढवत नेलेला व्यायाम हे जेवण आहे, बाकी सगळं तोंडी लावणं.

घाई असलेले इंजेक्शन घेऊन येतात. स्टेरॉइडने आराम पडतो, अगदी झटकन पडतो. नेदरलँड्समधल्या 185 रुग्णांचा अभ्यास 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी 92 टक्के खूश होते, फिजिओथेरपीवाल्यांपैकी जेमतेम 47. वर्षभराने पारडं फिरलं: इंजेक्शन 69, फिजिओथेरपी 91. त्यात काहीच न करता थांबलेलेही होते आणि त्यांच्यातलेही 83 टक्के सुधारले. हा आकडा आमच्या धंद्याला फारसा सोयीचा नाही. पण वर्षभर थांबणं त्यालाच परवडतं, ज्याचं हातावर पोट नाही.

तीन महिन्यांहून जुनं दुखणं असलेल्या 81 जणांवरचा स्वीडनमधला एक प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यातली सामग्री म्हणजे पाण्याचा डबा. बायकांना एक किलो, पुरुषांना दोन, दर आठवड्याला शंभर ग्रॅम वाढवायचे, रोज, तीन महिने. नुसतं थांबायला सांगितलेल्यांपेक्षा या मंडळींचं दुखणं लवकर उतरलं.

मी तेच करून घेते. खुर्चीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकवायचा, तळवा जमिनीकडे, पंजा कडेच्या बाहेर. दोन लिटरच्या बाटलीत निम्मं पाणी भरून ती कापडी पिशवीत घालायची आणि पिशवीचे बंद मुठीत धरायचे. मनगट वर उचलायचं आणि अगदी सावकाश खाली सोडायचं. पंधरा वेळा, मग दम खायचा, असं तीनदा. पुरुषांना तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बरा पडतो. हात फारच दुखरा असेल तर मी अर्ध्या लिटरपासून सुरुवात करते. करताना थोडं दुखणारच, त्याला घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका वाढलेला असेल तर पाणी कमी करायचं, व्यायाम बंद करायचा नाही. बोटांना मुंग्या येत असतील किंवा पडून मार लागला असेल तर मात्र आधी तपासणी, मग बाटली.

मुरूडहून एसटीने अलिबागला दहा दिवस शेकायला येणाऱ्या बाईचं भाडं जातं ते जातंच, वर दहा दिवसांची मजुरी बुडते. व्यायामासाठी तीन महिन्यांत चार-पाच फेऱ्या पुरतात.

"पण सचिनचं ऑपरेशन झालं होतं ना?" हा प्रश्न अजून येतो. झालं होतं, मे 2005 मध्ये, लंडनला. फार थोड्यांवर ती वेळ येते. आणि ऑपरेशन झालं म्हणून तो लगेच बॅट घेऊन उतरला असंही नाही. भारताकडून पुन्हा खेळायला ऑक्टोबर उजाडला.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'फिजिओथेरपी' एवढा एकच शब्द लिहून मोकळं होऊ नये. किती वजन, किती वेळा, किती आठवडे, हे आम्ही गोळ्यांसारखं कागदावर लिहून द्यावं आणि पेशंटने ते मागून घ्यावं. शिकवण्याचे पैसे आम्ही उघडपणे घ्यावेत, मशीनच्या नावाखाली नकोत.