विश्लेषण : ‘शुद्ध’ दूध रसायनशास्त्रात शुद्ध का नसते?

दुधाच्या पिशवीवर ‘शुद्ध’ छापलेले असते, तुपाच्या डब्यावर असते, पाण्याच्या जाहिरातीत तर असतेच. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकानुसार मात्र या तिन्हींपैकी एकही शुद्ध पदार्थ नाही. तिन्ही मिश्रणे आहेत. हा नुसता शब्दांचा घोळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण दुधातली भेसळ पकडणे इतके अवघड का, याचे उत्तर याच फरकात आहे.

फरक नेमका काय?

सोने, तांबे ही मूलद्रव्ये आणि साखर, मीठ, पाणी ही संयुगे म्हणजे शुद्ध पदार्थ. संयुगातले प्रमाण निसर्गाने ठरवलेले असते. ९ ग्रॅम पाण्यात ८ ग्रॅम ऑक्सिजन आणि १ ग्रॅम हायड्रोजन, मग ते विहिरीतून आलेले असो वा ढगातून. म्हणून गुणधर्मही ठरलेले. शुद्ध सोने १,०६४ अंश सेल्सिअसलाच वितळते. मिश्रणाला असे बंधन नसते. घटक कमी-जास्त झाले की गुणधर्मही बदलतात.

लॅक्टोमीटर का फसतो?

दुधात पाणी, स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार असतात. गाईच्या दुधातले प्रमाण वेगळे, म्हशीच्या दुधातले वेगळे. चारा बदलला तरी फरक पडतो. लॅक्टोमीटर मोजतो फक्त घनता. पाणी घातले की ती घटते, साय काढली की वाढते. दोन्ही लबाड्या एकदम केल्या तर आकडा पुन्हा जागेवर! साखर किंवा मीठ टाकूनही तेच साधते. त्यामुळे फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक, वेगवेगळे तपासावे लागतात.

महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. आकडा खाली गेला की शेतकऱ्याचे पैसे कापले जातात. म्हणजे उत्पादकाला मिश्रणाचा हिशेब पॉइंटमध्ये द्यावा लागतो आणि ग्राहकाच्या हाती मात्र ‘शुद्ध’ हे विशेषण येते. टोन्ड दुधात किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असावे, असा नियम आहे. हे आकडे पिशवीवर ठळक आणि ‘शुद्ध’ बारीक, अशी छपाई असायला हवी.

सराफ बाजारात हे झालेही आहे. २२ कॅरेटच्या दागिन्यात सोने ९१.६ टक्के, उरलेले तांबे, चांदी वगैरे. निव्वळ सोने फार मऊ. दागिन्यावर ९१६ कोरलेले असते आणि जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे. या मिश्रणाला कोणी भेसळ म्हणत नाही, कारण प्रमाण उघड आहे. भेसळ सुरू होते ती प्रमाण लपवल्यावर.

पाण्याच्या बाबतीत गंमत उलटी आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने शुद्धतेच्या जवळ जाणारे पाणी घरात कुठे असेल, तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेल्या पाण्याच्या बाटलीत. पिण्याच्या पाण्यात क्षार असतातच; भारतीय मानकानुसार विरघळलेल्या घटकांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तरीही शुद्धीकरण यंत्र विकणारा मीटर बुडवून टीडीएस किती खाली आला ते दाखवतो आणि घरचे खूश होतात. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे तो मीटर सांगतच नाही.