पिसे झडण्याच्या दिवसांतील कोंबडी

कोंबडी वर्षातून एकदा जुनी पिसे टाकते आणि नवी धारण करते. पहिल्यांदा हे साधारण दीड वर्षाच्या वयात घडते, पुढे दरसाल. दिवस लहान होऊ लागला की शरीरातील संप्रेरकांचा तोल बदलतो, अंडी थांबतात आणि पिसे सुटू लागतात. पुण्याच्या अक्षांशावर जूनमधला मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमधला लहान दिवस अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा असल्याने इकडच्या परसातल्या सगळ्या कोंबड्या एकदम झडत नाहीत. कुणी भाद्रपदात सुरुवात करते, कुणी दिवाळीनंतर. खुडूक बसून पिल्ले काढलेली कोंबडी तर ऋतूची वाट न पाहताही पिसे टाकते. कडक ऊन, पाण्याचे हाल किंवा जागाबदल यांमुळेही तेच होते.

झडण्याला क्रम असतो. आधी डोके आणि मान, मग छाती व पाठ, नंतर पंख आणि शेवटी शेपूट. सगळा फेरा पुरा व्हायला बहुधा 8 ते 12 आठवडे लागतात. जी कोंबडी लवकर सुरुवात करून एकेक पीस टाकत रेंगाळते ती सहसा अंड्यांना कमी असते. जी उशिरा आणि एकदम झडते, चार दिवसांत ओकीबोकी दिसू लागते, ती बहुतेक वेळा चांगली अंडी देणारी निघते. तिचा अवतार पाहून आजारी समजले जाते आणि आठवडी बाजारात पहिली तीच जाते. परसातल्या कळपाचे याहून मोठे नुकसान दुसरे नाही.

पिसांचे वजन कोंबडीच्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भरते आणि त्यात 85 टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. दीड किलोच्या कोंबडीला सारा पिसारा नव्याने उभा करायचा तर डझनभर अंड्यांत मावतील इतकी प्रथिने लागतात. म्हणजे अंडी बंद असली तरी तिचे काम बंद नसते. ‘अंडे देत नाही, मग दाणा कशाला’ या हिशेबाने याच दिवसांत दाणा आखडला जातो. त्याने पिसे उशिरा येतात, खुरटी येतात आणि पुढच्या अंड्यांचा हंगामही मागे पडतो. अंड्यांवरच्या कोंबडीला 16-17 टक्के प्रथिनांचे खाद्य पुरते. या काळात ते 18 ते 20 टक्क्यांपर्यंत न्यावे.

तांदळाच्या कण्यांत प्रथिने 7-8 टक्के, मक्यात 9 आणि ज्वारीत 10 टक्क्यांच्या आसपास. नुसत्या दाण्यावर ही गरज भागणे शक्य नाही. शिवाय पिसांना गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात, विशेषतः मेथिओनिन, आणि शेंगदाणा व सोयाबीनच्या पेंडीत नेमके तेच कमी पडते. तिळाच्या पेंडीत आणि मासळीत ते भरपूर असते. किनारपट्टीला सुकट-जवळा हा सर्वांत सोपा उपाय: दर कोंबडीमागे रोज 10 ग्रॅमच्या आसपास, दाण्यात कुटून. मासळीचा वास अंड्याला लागतो ही नेहमीची तक्रारही अंडी बंद असताना उरत नाही. खारवलेली मासळी मात्र देऊ नये. जादा मीठ कोंबडीला विषासारखे बाधते. देशावर तिळाची पेंड, सोयाबीन पेंड आणि घरच्या कढीपिठल्यातून उरलेली डाळ यांचा मेळ घालता येतो. सोयाबीनचा दाणा घरचा असेल तर भाजून किंवा शिजवूनच द्यावा, कारण कच्च्या दाण्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. शेंगदाण्याची पेंड ओल धरलेली, बुरशीच्या वासाची असेल तर ती उकिरड्यावरच टाकावी. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन शिजवूनही जात नाही आणि यकृत नासवते. वाळवीचे वारूळ फोडून कोंबड्यांपुढे टाकण्याची खेड्यातली जुनी रीत या दिवसांत फार उपयोगाची आहे.

विकतचे खाद्य देणाऱ्यांनी या काळात लेअर मॅश (अंड्यांवरच्या कोंबडीचे खाद्य) थांबवण्याचा विचार करावा. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. अंडी बंद असलेल्या कोंबडीला इतक्याची गरज नसते, त्याचा मूत्रपिंडांवर भार पडतो. काही आठवडे 20 टक्के प्रथिनांचे चिक मॅश (पिल्लांचे खाद्य) द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. लागेल तेवढा कोंबडी स्वतः टिपते. चिक मॅशमध्ये औषध मिसळलेले नाही ना, हे पिशवीवर पाहून घ्यावे.

नव्या पिसाचा कोंब रक्ताने भरलेला असतो. हात लागला तरी दुखते, मोडला तर रक्त येते आणि रक्त दिसले की इतर कोंबड्या तिथेच टोचू लागतात. म्हणून या काळात उगीच धरपकड करू नये, नव्या कोंबड्या कळपात सोडू नयेत आणि पावसाची झड आत येणार नाही असे खुराडे द्यावे.

नेमक्या याच दिवसांत बारीक किडीचाही जोर असतो. पावसाळ्यात परसातली माती ओली राहते, कोंबड्यांना धुळीत लोळता येत नाही आणि अंगावरची कीड झाडून टाकण्याची त्यांची स्वतःची सोय बंद पडते. झडणे आणि कीड यांतला फरक ओळखता यायला हवा. झडताना पिसे दोन्ही अंगांनी सारखी जातात आणि खाली नवे कोंब दिसतात. गुदद्वाराभोवतीची पिसे काळवंडली, मळकट झाली, तुरा फिका पडला तर ती कीड. फक्त पाठ उघडी पडली असेल तर बहुधा कोंबड्याच्या नख्यांचे काम.

उवा अंगावरच राहतात आणि पिसांच्या मुळाशी अंड्यांचे पुंजके घालतात. लाल माइट दिवसा फटींत लपतो आणि रात्री रक्त पितो, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. उबदार हवेत त्याची नवी पिढी आठवड्यात तयार होते आणि रिकाम्या खुराड्यातही तो महिनोन् महिने उपाशी तग धरतो. रात्री टॉर्च घेऊन बसण्याच्या दांडीच्या खालून पांढरे फडके फिरवावे. लाल डाग उमटले तर निदान झाले. गोचीडही अशीच फटीत राहते आणि तिच्या चाव्यातून जीवघेणा ताप पसरतो.

प्रतिबंधाचे मुख्य काम म्हणूनच खुराड्यात आहे. छपराखाली एका टोपल्यात कोरडी माती, वाळू आणि चाळलेली चुलीची राख भरून ठेवावी. भर पावसातही ती कोरडी राहिली पाहिजे. अंडी घालायच्या टोपलीतला पेंढा वरचेवर बदलून जुना जाळावा, खुडुकीच्या टोपलीतला तर पिल्ले निघताच. भेगा लिंपून भिंतींना पावसाआधी आणि दिवाळीच्या सुमारास चुना द्यावा. लाकडी दांड्या काढून उकळते पाणी ओतावे आणि उन्हात टाकाव्यात. हेच आठवड्याने पुन्हा करावे, कारण पहिल्या वेळी किडीची अंडी वाचलेली असतात. पायांवरचे खवले उचलून पांढरी खपली धरली असेल तर तो वेगळा माइट. खपली ओरबाडू नये; साबणाच्या कोमट पाण्याने मऊ करून करंज तेल चोळावे आणि पाय नितळ होईपर्यंत दर आठवड्याला तेच करावे.

शेतावर फवारायचे औषध कोंबडीच्या अंगावर कधीही मारू नये. जुनी गॅमेक्सिन पावडर अजून कुठे पडून असेल तर तिला हात लावू नये. तिच्यावर कधीच बंदी आली आहे. कीड आटोक्यात येत नसेल तर पशुवैद्यकाकडून औषध आणि त्याचे प्रमाण घ्यावे, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हेही त्याच वेळी विचारावे. खाद्याचे म्हणाल तर, पंख-शेपूट भरली, तुरा लाल झाला की आठवडाभरात हळूहळू लेअर मॅशवर परत यावे.