महाग पेट्रोल भरून ॲव्हरेज वाढते का?

पोशीरहून एका भगिनीने विचारले आहे : मुलगा गाडीत नेहमी ९५ नंबरचे महाग पेट्रोल भरतो. म्हणतो, ॲव्हरेज वाढते आणि माथेरानचा घाट गाडी सहज चढते. गाडी दहा वर्षांची, साधी. हे खरे का?

भगिनी, तुमची शंका रास्त आहे. ९५ हा आकडा ऑक्टेनचा. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोलने वेळेआधी आपोआप पेट घेऊ नये, ही त्याची सहनशक्ती. जास्त दाबाच्या टर्बो इंजिनांना तिचा उपयोग होतो. साध्या इंजिनाला ९१ पुरते. नेरळहून दस्तुरीच्या चढणीवरही त्याला जादा ऑक्टेनने बळ येत नाही. चढताना इंजिन टकटक वाजत असेल, तर आधी मेकॅनिकला दाखवा.

आता गंमत पाहा. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वी ९१ होता. त्यात २० टक्के इथेनॉल मिसळू लागल्यावर तो ९५ च्या घरात गेल्याचे सरकारच सांगते. मग ९५ साठी वेगळे पैसे कशाला? उरतात ती इंजिन साफ ठेवणारी रसायने. ती निरुपयोगी नाहीत, पण दर वेळी टाकी भरावी इतकी मोलाचीही नाहीत.

ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार मात्र खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या बनावटीच्या मोटारींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, असे म्हटले होते. पण ९५ नंबरच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतेच, त्यामुळे ही घट त्याने भरून निघत नाही.

हिशेब घरच्या वहीत मांडा. लिटरमागे ८ रुपये जादा आणि महिन्याला ५० लिटर धरले, तर वर्षाला ४,८०० रुपये होतात. मुलीच्या क्लासची फी त्यात निघेल! साधे पेट्रोल १०४ रुपये धरले आणि गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल, तर महागड्या पेट्रोलवर तिने १७.२ च्या वर दिले तरच पैसे वसूल.

मुलाशी वाद घालू नका, त्यालाच मोजायला सांगा. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरायची, नेरळ-कर्जतच्या रोजच्या रस्त्यावर चालवायची, पुन्हा काठोकाठ भरून किलोमीटरला लिटरने भागायचे. दोन्ही पेट्रोलच्या तीन-तीन टाक्या. त्याआधी टायरमधली हवा तपासून घ्या. आणि गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किमान ९५ ऑक्टेन लिहिले असेल, तर मात्र तेच पाळा.