डुकरांची घरे आणि आपल्या कबरी

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात ख्रिश्चन्सबर्ग या गावी २०२४ साली एक वराहगृह उभे राहिले. त्यास साडेसात कोटी डॉलर खर्च आला. आत पाऊल टाकण्यापूर्वी कामगाराने स्नान करून कपडे बदलावयाचे, हवा गाळून आत घ्यावयाची, पाणी निर्जंतुक करावयाचे, असा तेथील दंडक. ही डुकरे खाटकासाठी नाहीत. त्यांच्या जनुकांत बदल केलेले आहेत आणि त्यांची मूत्रपिंडे व हृदये माणसांच्या देहांत बसवावयाची आहेत. गृहाची क्षमता वर्षाला सुमारे १२५ अवयवांची. त्याच कंपनीने मिनेसोटा राज्यात स्टुअर्टव्हिल येथे दुसरे केंद्र हाती घेतले. मागणी अफाट आहे, तेव्हा घरे वाढवा म्हणजे अवयव वाढतील, असा हा सरळ हिशेब. या हिशेबाला आमचा आक्षेप आहे.

गैरसमज नको. डुकराचे काही माणसाच्या देहात जाणे नवे नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून करतात. डुकराच्या हृदयाच्या झडपा गेली कित्येक दशके माणसांना नवे आयुष्य देत आहेत. लग्नाच्या मांडवात सोरपोतेलाचा आग्रह करणाऱ्या आपल्या समाजाने तर याबाबत नाक मुरडूच नये. गेरसेकरांच्या प्रदेशात एका माणसाची सुटका झाली आणि दोन हजार डुकरे समुद्रात बुडाली, तेव्हा प्रभूने माणसाचे मोल अधिक मानले. आम्हीही मानतो. परंतु माणूस डुकराहून थोर, एवढे म्हटले की डुकराशी कसेही वागण्याचा परवाना मिळतो, असे कोठे सांगितले आहे?

पोपमहोदयांच्या जीवनविषयक अकादमीने २००१ साली याच विषयावर निवेदन काढले. प्राण्यांचे अवयव माणसासाठी वापरण्यास तिने मनाई केली नाही. मात्र अनावश्यक यातना टाळाव्यात आणि खरी गरज असेल तरच हे करावे, अशा अटी घातल्या. आमचा सारा वाद या दोन अटींविषयी आहे.

पहिली अट यातनांची. जानेवारी २०२२ मध्ये मेरिलँड येथे डेव्हिड बेनेट यांना डुकराचे हृदय बसविले. दोन महिन्यांनी ते वारले. त्या हृदयात डुकरातील एक विषाणू आढळला. आधीच्या चाचण्यांना त्याने हुलकावणी दिली होती. तेव्हापासून घरे अधिकच बंदिस्त झाली, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण डुक्कर म्हणजे काय? नाकाने माती उकरणारा, घाम जवळजवळ येत नसल्याने चिखलात लोळणारा, सोबत्यांना ओळखणारा, विण्यापूर्वी पालापाचोळा गोळा करून बिछाना रचणारा हा प्राणी. प्रयोगशाळेतील प्राण्यांसाठी अमेरिकेत जी मार्गदर्शिका प्रमाण मानतात, तिच्या २०११ च्या आवृत्तीत शंभर किलोच्या एकट्या डुकरास किमान २४ चौरस फूट जागा सांगितली आहे. म्हणजे सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. वाचकहो, आपल्या दफनभूमीतील कबर याहून फारशी लहान नसते. तीच मार्गदर्शिका कळपाने राहणाऱ्या प्राण्यांना सोबत द्यावी असेही सांगते. पण किमान हेच कमाल ठरण्यास वेळ लागत नाही. निर्जंतुक भिंतींच्या आतही सोबती देता येतो, निर्जंतुक पेंढा देता येतो, उकरण्यास काही देता येते. त्याला पैसे लागतात, इतकेच. जेथे हवा गाळण्यास पैसा आहे, तेथे पेंढ्याला नाही, हे आम्ही कसे मानावे? घर अवयवासाठी बांधायचे आणि त्यात राहणाऱ्या जिवाचा विचार शेवटी करायचा, हा न्याय नव्हे.

दुसरी अट गरजेची. येथे आमचे बोट अमेरिकेकडे वळत नाही; ते स्वतःकडेच वळते. अमेरिकेत एक लाखाहून अधिक माणसे अवयवाच्या प्रतीक्षेत आहेत. आपल्या देशात मेंदुमृत्यू मान्य करणारा कायदा १९९४ साली झाला, तरी दहा लाख लोकांमागे एकही मरणोत्तर दाता भरत नाही. मग ज्याला आपण गरज म्हणतो, ती कोणी निर्माण केली? निरोगी मूत्रपिंडे आपण फुलांच्या पेटीत घालून, प्रार्थना म्हणून, मातीत ठेवून येतो. त्यानंतर म्हणतो, अवयवांचा तुटवडा आहे, डुकरे वाढवा!

"पुनरुत्थानाच्या दिवशी देह अखंड नको का?" हा प्रश्न आम्हांस अनेक घरांत विचारला जातो. ज्याने मातीतून आदाम घडविला, त्याला एका मूत्रपिंडाची अडचण पडेल काय? समुद्रात बुडालेल्या आणि अग्नीत जळालेल्या हुतात्म्यांचे पुनरुत्थान आपण निःशंकपणे मानतो. मग शंका आपल्याच देहाविषयी का? संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या आपल्या 'जीवनाचे शुभवर्तमान' या परिपत्रकात अवयवदानाची गणना जीवनसंस्कृती उभारणाऱ्या नित्याच्या शौर्यात केली. तो आवाज आपल्या कुटुंबांत पोहोचला काय?

सर्व माणसांनी दान केले तरी तुटवडा पूर्ण संपणार नाही, हे आम्ही जाणतो. मेंदुमृत्यू थोड्यांचेच होतात. काही वराहगृहे कदाचित लागतीलच. पण जे आपण देऊ शकतो ते न देता दुसऱ्या जिवाकडून घेणे, यास त्याग म्हणत नाहीत. आपला आळस त्याच्या माथी मारणे म्हणतात. आपण दिलेल्या प्रत्येक अवयवामागे निदान एका डुकराची ती सहा बाय चारची कोठडी टळण्याची शक्यता तरी निर्माण होते.

दात्याने आधी इच्छा लिहून ठेवलेली असो वा नसो, प्रसंग येतो तेव्हा डॉक्टर घरच्यांनाच विचारतात, आणि ते नाही म्हणाले की सारे थांबते. म्हणून केवळ अर्ज भरून भागत नाही. आज रात्री रोझरी झाल्यावर, जेवणापूर्वी, सर्वांसमक्ष आपली इच्छा सांगा. मुलांना ऐकू द्या, वडीलधाऱ्यांना ऐकू द्या. आम्ही आमच्या भावंडांना सांगितली आहे. डुकरांची घरे किती बांधावयाची, याचा निर्णय काही अंशी त्या जेवणाच्या पाटावरही होणार आहे.