टोपली नव्हे, नोंदवही हाती घ्या

वैनगंगेजवळ पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीत प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. तेथील एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. पवनी गोंदियाकरांस परकी नाही. १९९९ पर्यंत दोन्ही एकाच भंडारा जिल्ह्यात होती.

हा वारसा आपला, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु तो शोधून काढण्यात आपला वाटा किती? मातीची टोपली उचलणारे हात आपल्या वस्तीत सहज मिळतात. नोंदवही धरणारे किती?

ही विद्या केवळ ग्रंथांतून येत नाही. मातीचे थर ओळखणे, खापरे धुऊन त्यांवर क्रमांक घालणे, वस्तू कोणत्या थरात व किती खोलीवर मिळाली ते तत्काळ लिहिणे, हे जाणत्यांच्या शेजारी बसूनच साधते. थरापासून तुटलेली वस्तू मुकी होते. नागपूर विद्यापीठात व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे शिक्षण मिळते. आपल्या मुलामुलींनी तेथे जावे, सर्वेक्षणात गावे पायी हिंडावी, उत्खननात उन्हात बसावे.

मात्र स्वतः कुदळ मारू नये. संरक्षित स्थळी परवान्यावाचून खोदणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. अन्यत्रही बेशिस्त खोदकामाने पुरावाच नष्ट होतो. नांगराला जुनी मूर्ती लागल्यास ती न हलविता शासनास कळवावे.

निव्वळ अभिमानाचे बोल कोणीही खोडून काढील. शिस्तीने नोंदलेल्या पुराव्याला उत्तर पुराव्यानेच द्यावे लागते. तो नोंदविण्यास बंधुभगिनींनो, सिद्ध व्हा!