घर देणाऱ्याने अ‍ॅप देऊ नये

व्यसनमुक्तीची अ‍ॅप्स निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. काही उपयोगी आहेत. ती कोणाच्या हातून कोणाला दिली जातात, यावर माझा आक्षेप आहे.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागात एका सपोर्टिव्ह हाउसिंगच्या इमारतीत केस मॅनेजर आहे. इमारत म्हणजे एक जुनं हॉटेल. माणशी एक खोली, मजल्यावर सामायिक संडास-न्हाणी. वर्षानुवर्षं फुटपाथवर काढलेल्या माणसाला इथे कायमची खोली मिळते, तो उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं देतो, उरलेला भार सरकार उचलतं. मदतीला आम्ही खाली ऑफिसात बसलेले असतो.

या व्यवस्थेमागची कल्पना साधी आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने ‘पाथवेज टु हाउसिंग’ सुरू केलं. तोवरची रीत अशी, की आधी नशा सोड, गोळ्या वेळेवर घे, सुधारल्याची आमची खात्री पटव, मग खोली मिळेल. सेंबेरिसनी क्रम उलटा केला. आधी घर. उपचार हवे असतील तर मिळतील, नको असतील तरी किल्ली तुझीच. भाडेकरार आणि उपचार यांच्यामध्ये एक भिंत उभी केली, आणि ‘हाउसिंग फर्स्ट’ त्या भिंतीवरच उभं आहे.

आमच्याकडे आलेला प्रस्ताव ही भिंत पाडणारा आहे. प्रत्येक भाडेकरूच्या फोनवर अ‍ॅप. रोज सकाळी विचारणार: झोप लागली का, तलफ आली का, काल काही घेतलं का? उत्तरांवरून हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका, आणि ते सगळे ठिपके आमच्या स्क्रीनवर, खोलीच्या नंबरासकट. विकायला आलेल्या माणसाने हे फार अभिमानाने दाखवलं. आता समजा, ४१२ नंबरचा ठिपका चार दिवस लाल आहे आणि त्याच आठवड्यात ४१२च्या शेजाऱ्याने आवाजाची तक्रार केली आहे. भाड्याचा हिशोब ठेवणारा, नोटिसा काढणारा मॅनेजर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतो. माणूस सज्जन आहे. पण तो ठिपका एकदा पाहिला की न पाहिल्यासारखा कसा करणार? आणि भाडेकरू काय मूर्ख आहेत? ते रोज हिरवंच उत्तर देतील. मग आम्ही त्या हिरव्या ठिपक्यांवर विसंबून दार ठोठावणं कमी करू.

‘माहिती गुप्त राहील’ हे आश्वासन मला पुरत नाही. व्यसनोपचाराच्या नोंदींसाठी इथे १९७०च्या दशकापासून वेगळा, कडक कायदा आहे, पण तो उपचार करणाऱ्या केंद्रांसाठी. फोनवरचं प्रत्येक अ‍ॅप त्यात बसत नाही. दारूच्या उपचारांची ऑनलाइन सेवा देणाऱ्या ‘मॉन्युमेंट’वर २०२४ साली फेडरल ट्रेड कमिशनने ठपका ठेवला, तो गुप्ततेची हमी देऊनही लोकांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याचा. शिवाय जुलै २०२५मध्ये ट्रम्प यांनी काढलेला आदेश हाउसिंग फर्स्टचा पाठिंबा काढून घेण्याचा आणि घराला उपचाराची अट जोडण्याचा आहे. आज मदतीसाठी जमवलेली यादी उद्या कुणी कशासाठी मागेल, सांगता येत नाही.

राहिला पुराव्याचा मुद्दा. विक्रेते ‘एफडीएची मान्यता’ हे शब्द फार सैल वापरतात. सप्टेंबर २०१७मध्ये मान्यता मिळालेलं ‘रीसेट’ हे या प्रकारातलं पहिलं अ‍ॅप. चाचणीत ३९९ रुग्ण, १२ आठवडे. अ‍ॅपसह नशेपासून दूर राहिलेले ४०.३ टक्के, अ‍ॅपशिवाय १७.६. आकडे चांगलेच आहेत. पण ते बाह्यरुग्ण उपचारांच्या जोडीला होतं, उपचारांऐवजी नव्हे, आणि ओपिऑइडच्या व्यसनासाठी नव्हतंच. त्यासाठीचं ‘रीसेट-ओ’ २०१८मध्ये आलं. त्याने लोक उपचारात जास्त टिकले, मात्र नशा कमी झाली असं दिसलं नाही. दोन्ही बनवणारी ‘पेअर थेरप्युटिक्स’ एप्रिल २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली.

आणि आमच्याकडे माणसं मरतात ती ओपिऑइडने, फेंटानिलने. बंद दाराआड, एकटी. २०१० ते २०१२ या काळातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या ओव्हरडोस-मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा मेलेल्यांतले एक तृतीयांश अशा एकखोली हॉटेलांत राहणारे निघाले. फेंटानिल पसरण्याच्या आधीची ही गोष्ट. श्वास मंदावलेला माणूस तलफेची नोंद करत नाही. त्याला नाकात नॅलोक्सोन मारणारं कुणीतरी लागतं, तेही काही मिनिटांत.

तंत्रज्ञान मला नको आहे असं नाही. व्हँकूव्हरमध्ये ‘ब्रेव्ह’ नावाच्या सहकारी संस्थेने अशाच इमारतींत भिंतीवर लावायची बटणं दिली आहेत. दाबलं की इमारतीतलं माणूस दाराशी येतं. ते तुमचा मूड विचारत नाही. फोनवर डॉक्टरशी बोलून ब्युप्रेनॉर्फिन मिळणं हेही मोठं काम आहे. दवाखान्यातल्या रांगेच्या धास्तीने न जाणारे लोक मी त्यामुळे उपचाराला लागलेले पाहिले आहेत. दोन्हीकडे यंत्राच्या पलीकडच्या टोकाला माणूस असतो.

‘पण रात्री तीन वाजता तुम्ही कुठे असता?’ हा अ‍ॅपवाल्यांचा हुकमी प्रश्न. प्रश्न खरा आहे. घरी झोपलेली असते. याचं उत्तर रात्रपाळीला माणूस ठेवणं हे आहे, शक्यतो त्यातून गेलेला. मुक्तांगण माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे पटवत बसावं लागू नये. तिथे बरे झालेले रुग्णच इतरांसाठी उभे राहत आले आहेत. मजल्यावरच्या दोघा-तिघा भाडेकरूंना नॅलोक्सोन आणि थोडा पगार दिला तरी रात्र बरीच बदलते.

कुणाला अ‍ॅप हवंच असेल तर जरूर घ्यावं, स्वतःच्या डॉक्टरकडून. घरमालकाला ते घेतल्याचं कळायचंही कारण नाही. प्रस्ताव पुढच्या महिन्यात पुन्हा चर्चेला येतोय. ठिपके पाहणाऱ्यांच्या यादीत भाडं वसूल करणाऱ्याचं नाव का आहे, हे मी विचारणार आहे, आणि वर्षाच्या परवान्याच्या पैशात रात्रपाळीचे किती तास बसतात याचा हिशोब सोबत नेणार आहे.