सेवेची सुरुवात भाषेपासून



परदेशात जाऊन सेवा करायची, तर हातात कौशल्य आणि मनात तळमळ असली की झालं, असं आपल्याला वाटतं. माझं मत थोडं वेगळं आहे. ज्यांची सेवा करायची, त्यांची भाषा शिकायची तयारी नसेल तर ती सेवा अर्धीच राहते.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंच बघा. जन्म १९१० चा, सोलापूरचा. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथे चिनी भाषा शिकले आणि पुढे चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले.

तुम्ही म्हणाल, मॅडम, लोहाऱ्यात बसून चीनची गोष्ट कशाला? सांगते.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका तांड्यावरच्या शाळेत होते. पहिलीतल्या एका मुलीने चित्र काढलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "याडी." मी लगेच दुरुस्ती केली, "याडी नाही, आई म्हण." त्यानंतर ती कितीतरी दिवस वर्गात बोललीच नाही. मी शेरा लिहिला, 'अबोल'. शाळा सुटल्यावर मात्र हीच पोरगी घरापर्यंत अखंड बडबडत जायची! चूक माझी होती. मी परक्या गावात गेले होते आणि परकी तिला ठरवत होते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गोरमाटी, कोलामी, गोंडी बोलणारी लेकरं आहेत. त्यांना मराठी शिकवायचीच आहे, त्यात वाद नाही. पण आधी फळ्यावर 'याडी' लिहू या, मग शेजारी 'आई'. दोन्ही शब्द राहू द्या.

कोटणीस समुद्रापलीकडे जाऊन एक अख्खी भाषा शिकले. आपल्याला वर्गातल्या लेकरांकडून पन्नास शब्द शिकायला काय हरकत आहे? तुमच्या वर्गात घरच्या भाषा किती, ते उद्या हजेरी घेताना जरूर विचारा.